राशीवर तोंड उघडलं

नऊ वर्षांची असल्यापासून चोवीस वर्षांची होईपर्यंत मी कुणालाही ‘किती’ असं विचारलं नाही. वाचून कुणाला हसू येईल. येऊ दे. मलाही आता येतं, तेव्हा येत नव्हतं.

किती वाजले, किती लांब, किती झाले, किती वेळ लागेल, माणसाचा दिवस ह्या एका विचारण्यावर कसा चालतो ते ज्यानं ते सोडलंय त्यालाच कळतं. मी त्याला वळसा घालून जगायला शिकले होते. तुळजापूरच्या बाजारात वांग्यांच्या ढिगापुढं जाऊन उभी राहायची, नाणं पुढं करायची आणि बागवानीण देईल तेवढी वांगी मुकाट्यानं पिशवीत घ्यायची. ती बागवानीण तोंडाची फटकळ पण मनाची मोकळी होती. एकदा म्हणाली, “बाई, भाव तर पुसा की. साळंत पोरींना शिकवता म्हणं, आन् हितं तोंड शिवल्यावानी उभ्या ऱ्हाता. उद्या म्या किडकी घातली तर तीबी न्याल व्हय?”

मी म्हटलं, “नेईन.”

तिनं कपाळाला हात लावला आणि दोन वांगी जास्तीची टाकली. तिला वाटलं असणार, बाईचं डोकं जरा फिरलेलं आहे. तिला कसं सांगणार होते? ‘किती’ म्हणायला तोंड उघडलं की माझ्या घशात गोळा यायचा आणि डोळ्यांपुढं आमचं खळं उभं राहायचं.

आमचं गाव माकणीच्या अलीकडं, तेरणेच्या काठाला. निजामाचा अंमल गेला त्याच्या पुढच्याच सुगीतली ही गोष्ट. आदल्या वर्षीच्या धामधुमीत निम्मं रान पडीक राहिलं होतं, घरात खायचे वांधे झाले होते. त्यामुळं त्या साली खळ्यात शाळू ज्वारीची रास पडली तेव्हा सगळं घर नुसतं तिच्याकडं बघत बसलेलं. राशीचं माप घेताना आमच्याकडं कुणी बोलत नसे. चपला खळ्याबाहेर काढायच्या. माप घेणारा पहिल्या पायलीला ‘एक’ म्हणत नाही, ‘लाभ’ म्हणतो, आणि पुढचे आकडे ओठांतल्या ओठांत धरतो. मधेच ‘किती झाली’ म्हणून कुणी विचारायचं नाही. विचारलं तर रास बाटते, बरकत जाते, आणि धन्याला बाधतं. हे गावातल्या रांगत्या पोरालाही ठाऊक.

मलाही ठाऊक होतं. पण त्याच साली माझ्या वडिलांनी, आबांनी, मला शंभरापर्यंत आकडे शिकवले होते. गावात पोरींना शाळा नव्हती, म्हणून त्यांनी चुलीतल्या कोळशानं गोठ्याच्या भिंतीवर आकडे काढून दिले होते. मला मोजायचं वेडच लागलं. शेळ्या मोजल्या, कडब्याच्या पेंढ्या मोजल्या, थोरल्या चुलतीच्या तोंडात राहिलेले दात मोजून तिलाच सांगितले आणि त्यापायी मारही खाल्ला. थोरली चुलती म्हणजे आबांच्या थोरल्या भावाची बायको. चुलते वारले होते, तिला मूलबाळ नव्हतं आणि घरात तिचाच शब्द चालायचा.

तर मी पाण्याचा तांब्या घेऊन खळ्यात गेले. आबा राशीपुढं गुडघ्यांवर बसून पायली भरत होते, पोत्यात ओतत होते, ओठ हलत होते. मला राहवलं नाही. मी म्हटलं, “आबा, किती झाली?”

आबा थांबले. त्यांचा आकडा चुकला होता. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि हसले. तोंडावर बोट ठेवलं, पोतं पुन्हा राशीत रितं केलं आणि पहिल्यापासून ‘लाभ’ म्हणून सुरुवात केली. त्यांचं ते हसणं मला पक्कं आठवतं, पण पुढची पंधरा वर्षं त्याचा मला काडीचा उपयोग झाला नाही. कारण खळ्याच्या कडेला थोरली चुलती उभी होती. तिनं मला दंडाला धरून बाजूला ओढलं आणि तोंडावर उलट्या हाताची मारली. ओठ फुटला.

दोन दिवसांनी आबांच्या पोटात असं काही दुखायला लागलं की ते जमिनीवर लोळले. गाडी जुंपली, उमरग्याच्या डॉक्टरकडं निघालो. आबा गाडीतच गेले.

दहाव्याला चाळीसएक माणसं अंगणात बसलेली होती. थोरली चुलती सगळ्यांदेखत म्हणाली, “पोरीनं राशीवर तोंड उघडलं आन् धनी घिऊन गेली.” मी मायकडं बघितलं. माय कोपऱ्यात बसली होती, मांडीवर माझा दोन वर्षांचा भाऊ. मला वाटलं, आता माय काहीतरी बोलेल. माय बोलली नाही. तिनं पदर तोंडावर ओढून घेतला. त्या संध्याकाळी माझ्या केसांना तेल लावता लावता तेवढं म्हणाली, “आता कुणाला काय इचारत जाऊ नको, बाई.”

मी नाही विचारलं. सांगितलेलं ऐकणारी पोर होते मी, त्याचा आता संताप येतो.

पुढं मला कशाकशापासून लांब ठेवलं ते सांगत बसले तर रडगाणं होईल, आणि रडगाणं मला आवडत नाही. पेरणीला बियाण्याला हात लावू द्यायचे नाहीत, गाय विताना गोठ्यात जाऊ द्यायचे नाहीत. वर्षाभरानं तुळजापूरचे मामा आले, कचेरीत कारकून होते, त्यांनी हे सगळं बघितलं आणि मला उचलून घेऊन गेले. मामा-मामींनी मला पोटच्या पोरीसारखं वाढवलं, शिकवलं. लग्नाचंही बघितलं. दोन ठिकाणची माणसं बघून गेली आणि दोन्ही वेळा थोरल्या चुलतीनं परस्पर निरोप धाडला, पोर चांगली हाय, पर राशीवर बोललेली हाय. तिसऱ्या वेळी मी मामांना म्हटलं, “आता मामींना पोहे करायचे कष्ट देऊ नका.” मामा रडले. मी नाही रडले, पण त्या दिवसानंतर मला पोहे खाववत नाहीत.

महाराष्ट्र झाला त्या सुमारास मला तुळजापुरातच मुलींच्या प्राथमिक शाळेत नोकरी लागली. आणि वर्ग मिळाला तो गणिताचा. देवीनं थट्टा केली म्हणायची, दुसरं काय. मी फळ्यावर हिशेब लिहायचे आणि छडी उत्तराच्या रिकाम्या जागी टेकवायचे. पोरी उत्तर सांगायच्या. हुशार होत्या, त्यांचं काही अडलं नाही. मला वाटायचं, कुणाच्या लक्षात येत नाही.

मग एके दिवशी तपासणीला शाळाखात्याचे दिपोटी साहेब आले. खुर्चीत बसून म्हणाले, “बाई, फळा राहू द्या. तोंडी हिशेब घ्या.”

मी सुरुवात केली. “झाडावर बारा पोपट बसले. पाच उडाले. आता झाडावर…” आणि थांबले.

“आता झाडावर काय, बाई?” साहेब म्हणाले.

पहिल्या रांगेतली एक पोर उठली. मला वाचवायलाच उठली बिचारी. म्हणाली, “साहेब, आमच्या बाई ते इचारत न्हाईत. आमीच वळखून सांगतो. सात.”

साहेब हसले. “बाई, वर्ग तुमचा का हिचा?” मग पोरीही हसल्या.

मला साहेबांचा राग आला नाही. पोरींचा तर नाहीच नाही. तळपायाची आग मस्तकात गेली ती माझी मलाच. माझं भय ह्या आठ-नऊ वर्षांच्या पोरींनी वर्षभर सांभाळून घेतलं होतं, त्यावर पांघरूण घातलं होतं, आणि मी बाई म्हणून ऐटीत छडी टेकवत होते. त्यांच्या वयाची होते मी, तेव्हा मला कुणी सांभाळून घेतलं होतं?

घरी गेले ती पोट आवळून धरतच. रागानं माझ्या पोटात कळ यायची. मामींनी तव्यावर मीठ आणि ओवा गरम केला, फडक्यात बांधला आणि माझ्या पोटावर ठेवला. त्या फडक्याचा वास नाकात गेला आणि मी ताडकन उठून बसले. हा वास मला ओळखीचा होता. आमच्या घरी, मायच्या चुलीपाशी, असलंच गरम पुरचुंडं हातात धरून मी आबांकडं न्यायचे. एकदा नाही, रोज. आणि ते राशीच्या आधी. खळं सारवायच्या आधीपासून. रास झाल्यावर नाही.

मी मामींना काही बोलले नाही. हेडबाईंकडून चार दिवसांची रजा घेतली आणि गावाकडं निघाले.

नोकरी लागल्यापासून मी दिवाळीला गावी जायचे. सुगीत कधी गेले नव्हते, सुगीत मी गावात असू नये हे न बोलता ठरलेलं होतं. मोटारीतून उतरून पुढं कुणाच्या तरी बैलगाडीनं घरी पोचले तेव्हा दुपार होती, आणि आमची रास उद्या मोजणार हे गाडीवाल्यानंच सांगितलं होतं. माय अंगणात सुपात डाळ घोळत बसली होती, थोरली चुलती कुणाकडं तरी गेलेली. मला बघून तिचे हात थांबले.

“आत्ताच का गं आलीस?”

“रास उद्या मोजायची ना? मोजायला आलेय.”

तिनं सूप खाली ठेवलं. “असलं वंगाळ बोलू नको. तुझा भाऊ एकुलता एक हाय.”

भाऊ सतरा वर्षांचा झाला होता, शेत तोच बघायचा. तो दाव्यांना पीळ घालत ओट्यावर बसला होता. मला म्हणाला, “अक्का, मला काय न्हाय. पर मायचं मन…” आणि पुढचं त्यालाही बोलता येईना. त्यालाही भीती वाटत होती, ती मला त्याच्या हातांवरून दिसत होती. त्याचाही राग मला आला नाही. त्याला लहानपणापासून सगळे हेच सांगत आले होते, की अक्कानं विचारलं आणि आबा गेले.

माय माझ्या पायांपाशी सरकली. म्हणाली, “तुला पायजे ते कर. मला शिव्या दे. पर राशीवर बोलू नको. येकाला घिऊन गेलीस, आता ह्याला तरी ऱ्हाऊ दे.”

हे तिनं पंधरा वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडावर म्हटलं. बरंच झालं. मनात ठेवून माझ्या केसांना तेल लावत राहिली असती तर मी पुढचं विचारलं नसतं.

मी तिच्यासमोर बसले. घशात गोळा आला. तो गिळला, परत आला, परत गिळला. मग म्हटलं, “माय, आबांच्या पोटात किती दिवस दुखत होतं?”

तो पहिला ‘किती’. आवाज माझा मलाच परका वाटला, घोगरा, पुरुषासारखा.

माय माझ्याकडं बघतच राहिली. “कोण म्हणलं दुखत हुतं?”

“कुणी नाही. ओव्याचं पुरचुंडं मीच नेऊन देत होते. किती दिवस, माय?”

ओट्यावर भावाच्या हातातलं दावं थांबलं. मायनं सूप जवळ ओढलं, परत लांब सारलं. मग खाली बघत म्हणाली, “आठ दिस.”

“मग तेव्हाच डॉक्टरकडं का नाही नेलंत?”

“ते निगाले हुते. म्याच म्हणलं, रास घरात येऊ द्या, मंग जाऊ. आदल्या साली खायला नव्हतं. म्हणलं, माप झाल्याबिगर खळं सोडू नगा.” तिचा आवाज बसला. “हे थोरल्या बाईंना कळलं असतं तर त्यांनी मला त्याच दिशी घराभाईर काढलं असतं. तुमा दोघांना घिऊन म्या कुटं गेले असते?”

“म्हणून माझ्यावर येऊ दिलंस.”

“तू ल्हान हुतीस,” माय म्हणाली. “वाटलं, इसरशील.”

मी विसरले नव्हते. पंधरा वर्षं किडकी वांगी घेतली होती, दोन स्थळं गेली होती, वर्गात छडी टेकवली होती. हे सगळं मी तिला सांगितलं, एकेक करून, आवाज चढवून. शेजारची माणसं दारात आली तरी थांबले नाही. मायनं ऐकून घेतलं. मी तिला माफ केलं असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. तिची अडचण मला समजली, हे खरं. एक बाई, मांडीवर पोर, डोक्यावर जाऊ, आणि स्वतःच्याच शब्दापायी नवरा गेला हे मनात. समजली म्हणून माझा फुटलेला ओठ सांधत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात, आणि मी त्या तशाच ठेवल्यात.

शेवटी मी उठले आणि भावाला म्हटलं, “उद्या पायली माझ्या हातात द्यायची. भ्यायला होत असेल तर तू घरी बस.”

तो म्हणाला, “मी येतो, अक्का.”

हा माझा भाऊ आज सत्तरी ओलांडून बसलाय, सकाळी दोन भाकरी खातो आणि माझ्याशी भांडतो. हे आधीच सांगून टाकते, कारण ‘पुढं त्याला काही झालं का’ म्हणून वाचणाऱ्याच्या जिवाला घोर लागावा, हे मला नको. तसला घोर मी पुष्कळ सोसलाय.

सकाळी खळ्यात गेलो. चपला मी बाहेर काढल्या. ज्वारीशी माझं भांडण नव्हतं. भावानं राशीवर पाण्याचा हात फिरवला, नारळ फोडला, आणि पायली माझ्या हातात दिली. खळ्याच्या कडेला, अगदी त्याच जागी, थोरली चुलती काठी टेकून उभी होती. म्हातारी झाली होती, पण नजर तीच. आदल्या दिवशीची बोलणी गावभर झालेली, तिलाही पोचली असणार. तिच्या मागं, जरा लांब, माय बसली होती. डोक्यावरून पदर, मान खाली.

मी गुडघ्यांवर बसले, पायली भरली, हातानं वरचं सपाट केलं आणि म्हणाले, “लाभ.” ते आबांनी शिकवलं होतं आणि त्यात कुणाचं काही वाईट नव्हतं. पण पुढचे आकडे मी ओठांत धरले नाहीत. “दोन. तीन. चार.” वर्गात पाढे घेतात तसे खणखणीत. भाऊ पोत्याचं तोंड धरून बसला होता. आठ-दहा पायल्यांनंतर माझ्या आकड्याबरोबर त्याचेही ओठ हलायला लागले.

चुलती पाच-सहा वेळा खाकरली. मग तिला धरवेना. “तोंड मीट, पोरी,” ती म्हणाली. “येकदा घर बुडवलंस, पुरं झालं. मीट तोंड.”

मी तोंड मिटलं नाही, पण हात थांबला. भरलेली पायली मांडीवर धरून मी तशीच बसून राहिले. काय झालं ते कळायला क्षण लागला. पुन्हा घशात गोळा आला होता. तोच, नऊ वर्षांचा. आकडा डोक्यात होता, पण बाहेर येईना. भाऊ माझ्याकडं बघत होता. मला वाटलं, झालं, इथंच सगळं परत गेलं.

मागं पावलं वाजली. माय उठली होती. चपला तिनं काढून ठेवल्या, चुलतीच्या अंगाला लागून पुढं आली, आणि जिथं बाईमाणसानं माप चालू असताना पाऊल घालू नये तिथं, राशीच्या तोंडापाशी, येऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर मागं सरला होता, तो तिनं सावरला नाही. मायचा आवाज मुळात बारीक, चार घरं सोडून ऐकू जायचा नाही. तो आवाज तिनं त्या दिवशी कुठून काढला कोण जाणे.

“किती झाली गं?” तिनं विचारलं.

मी तिच्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत भीती होती, चांगलीच होती. राशीवर बोललं की धन्याला बाधतं, हे तिनं मनातून सोडलेलं नव्हतं. ते तसंच धरून तिनं विचारलं होतं. आता काही झालंच तर ते तिच्या तोंडामुळं झालं, असं चार माणसांत ठरून जावं, म्हणून.

“एकेचाळीस,” मी म्हटलं.

“मोठ्यानं सांग,” माय म्हणाली. “थोरल्या बाईंना कमी ऐकू येतंय.”

मी चुलतीकडं तोंड करून मोठ्यानं सांगितलं, आणि पायली पोत्यात ओतली.